कात्र्यामामाची तालीम

लोकरवाली जेवणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन माळावर पोचली, तेव्हा अर्ध्याहून जास्त कळप कातरून झाला होता. ऊन असं रणरणत होतं की मेंढ्यांनासुद्धा ओरडायचा कंटाळा आलेला. गाडीच्या सावलीत चार गडी बसले होते. मधोमध तिचं तेरा वर्षांचं पोरगं, आणि त्याच्या हातात पेला.

वास तिला लांबूनच आला. त्या वासाशेजारी तिने नऊ वर्षं संसार केला होता. दारूनेच तिचा नवरा नेला होता.

"किती प्यायलास?"

"दोन घोट," पोरगं खाली बघत म्हणालं. "मी नको म्हणलो होतो आई. तीनदा म्हणलो. मामा रोज तिसऱ्यांदा थांबतो ना, आज थांबलाच नाही."

शाळेत येणाऱ्या नर्सबाईंनी आयांना सांगितलं होतं, पोरांना नुसता उपदेश पाजू नका, नाही म्हणायचा सराव करून घ्या. म्हणून तिने सरावापुरतं पाठच्या भावालाच वाईट मित्र बनवलं. सगळे त्याला कात्र्या म्हणत, कातरणीच्या टोळीचा म्होरक्या तो. रोज संध्याकाळी लोकरीच्या पोत्यावर बसून तो पाण्याचा पेला पुढे करायचा, "घे की, घाबरतोस काय? एका घोटाने कोण मरतंय?" पोरगं तीनदा नको म्हणायचं, मग मामा पेला खाली ठेवून त्याची पाठ थोपटायचा. लोकर निवडता निवडता ती हसायची. भाऊ पाठीशी आहे म्हणून निर्धास्त होती बिचारी.

"ताई, गंमत होती गं," कात्र्या म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"पोरानं आज पहिल्यांदा आख्खी मेंढी एकट्यानं कातरली," जाड्या गडी मध्येच बोलला. "आता तो आमच्यातला झाला."

"तुला विचारलं नाही मी." ती भावाकडे वळली. "तू बोल."

"हे सगळे लागले म्हणायला, भाच्याला पदराखाली झाकून ठेवतोस काय म्हणून. मला रोज यांच्यातच बसायचं असतं ताई. किती वेळा नको म्हणू?"

"किती वेळा म्हणलास?"

तो कात्रीला चिकटलेली लोकर काढत बसला.

"एकदा तरी?"

नवरा दारुडा होता, पण त्याने कधी ते लपवलं नव्हतं. बाहेरच्या पोरांपासून जपायचं म्हणून ती डोळ्यांत तेल घालून राहिली, आणि केसाने गळा कापणारा तिच्याच घरात पोत्यावर बसून चहा पीत होता.

"तेरा वर्षांच्याची तालीम घेतली मी," ती म्हणाली, "चाळिशीतल्याची घ्यायची राहून गेली."

कात्र्या उठला. "झालं गेलं सोड आता. चल रे भाच्या, सात मेंढ्या राहिल्यात. सगळ्या तुझ्या हाताला देतो, माझी कात्री घे."

त्या कात्रीपायी पोरगं वर्षभर मामाच्या मागे मागे फिरलं होतं. मामासारखा हात बसला पाहिजे, एवढंच त्याचं वेड. ते कात्रीकडे बघत राहिलं.

"नको."

"अरे, रागावलास काय? चल, चल."

"नको मामा. उद्यापण नको."

कात्र्याने हसत त्याच्या खांद्यावर हात टाकला. पोराने तो हात हळूच काढून ठेवला, आईच्या डोक्यावरचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि ते पायवाटेला लागलं. गड्यांपैकी कुणी हसलं नाही.

ती त्याच्या मागून निघाली. पोराला असं ठाम नाही म्हणता यावं म्हणून तिने किती जीव आटवला होता. आज ते म्हणालं, तेही तिच्या सख्ख्या भावाला. चालता चालता तिने पदर तोंडात कोंबला, पुढे चाललेल्या पोराला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.