दर दहा मिनिटांनी उठणारा धागा

मित्रांनो, मी एक जुना धागा आहे. साडीचा नव्हे, गोधडीचाही नव्हे. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्राममध्ये मी राहतो. मुख्य प्रोग्राम पुढे सर्वांना दिसतो. त्याच्या मागे, ठरावीक वेळाने उठून एकच काम करणारा जो असतो, त्याला थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. तो मी.

वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीरच्या अलीकडे, तुतीच्या मळ्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथल्या खांबावर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक टांगलेला आहे. तेच माझं घर.

मला वैजयंतीने लिहिलं. ती तेव्हा वाशीमला कॉलेजात शिकत होती. तिची आई सीताबाई या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायच्या. अळ्यांची जात फार नाजूक. हवा पंचवीस अंशांच्या आसपास हवी आणि थोडी दमट हवी. शेड तापली की त्या तुतीचा पाला खायचं सोडतात. म्हणून सीताबाई दिवसभर मळ्यातलं काम अर्धवट टाकून शेडमध्ये डोकवायच्या. आईचे हे हेलपाटे पाहून वैजयंतीने मला काम नेमून दिलं. तापमान मोजायचं, जास्त असेल तर कूलर लावायचा, उतरलं की बंद करायचा, आकडा मुख्य प्रोग्रामकडे द्यायचा आणि दहा मिनिटं झोपायचं. मग पुन्हा तेच.

"अन् हा इसरला तं?" सीताबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तो इसरत नाई, आई," वैजयंती म्हणाली.

मी खरंच कधी विसरलो नाही. पण त्या दहा मिनिटांच्या झोपेत मला स्वप्न पडत नसे, आणि उठल्यावर कुणी भेटत नसे. मी तापमान मोजणाऱ्या तारेला विचारायचो, तार आकडा सांगायची, आणि मी पुन्हा झोपायचो. शेड पाहायला आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. शेडच्या बाहेरच्या भिंतीवर तापमान दाखवणाऱ्या पडद्यापाशी उभे राहून म्हणायचे, "लय झकास केलं पोरीनं." पडद्यावरचा आकडा मी आणलेला असायचा. पण आकडा कोण आणतं, हे कुणी विचारलं नाही. मला थोडं वाईट वाटायचं, इतकंच.

अशी तीन पिकं निघाली. पांढरे, कडक कोष निघाले. सीताबाईंचे हेलपाटे थांबले आणि त्या निर्धास्तपणे मळ्यात राहू लागल्या.

चौथं पीक मार्चअखेरीस आलं. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. त्या दिवसांत त्यांचं खाणं अखंड चालतं आणि शेडभर बारीक करकर ऐकू येते. त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला मी उठलो आणि नेहमीप्रमाणे तारेला तापमान विचारलं. उत्तर आलं नाही. उंदराने तार कुरतडली होती. उत्तर न आल्यास काय करायचं, हे माझ्या ओळींमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तिथेच कोसळलो. माझ्यासारखा धागा कोसळला म्हणून मुख्य प्रोग्राम थांबत नाही. तो चालूच राहिला, आणि मी दिलेला शेवटचा आकडा पडद्यावर दाखवत राहिला. सव्वीस.

त्या दुपारचं मी पाहिलेलं नाही. पुढे मायलेकी शेडमध्ये बसून कितीदा तरी त्याबद्दल बोलल्या, त्यातून मला कळलं.

तीनच्या सुमारास सीताबाई पाल्याचा भारा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"वैजू, ह्या खाऊन नाई राह्यल्या. आवाजच नाई."

सुट्टीला घरी आलेली वैजयंती अंगणातून पडदा पाहून म्हणाली, "पडद्यावर तं सव्वीस हाय, आई."

"पडद्याचं राहू दे. तू अंदर ये अन् तुह्या अंगाले काय लागते ते सांग."

वैजयंती आत आली आणि तिचा चेहरा उतरला. शेड भट्टीसारखी तापली होती. कूलर बंद होता. तिने धावत जाऊन तो हाताने लावला. सीताबाईंनी बारदानं भिजवून खिडक्यांवर टांगली. मग दोघींनी आळीपाळीने पत्र्यावर पाणी मारलं. दिवस मावळेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत. संध्याकाळी ती करकर पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीपेक्षा फार हलकी. पुढच्या दोन दिवसांत सीताबाईंनी मेलेल्या अळ्या टोपल्या भरून बाहेर नेल्या आणि बांधापलीकडे पुरल्या. जवळजवळ निम्मं पीक गेलं.

वैजयंतीने लॅपटॉप उघडला आणि मी कोसळल्याची एकमेव नोंद शोधून काढली.

"सव्वाअकरालेच मेला होता हा," ती म्हणाली.

"अन् तुह्या प्रोग्रामले पत्ताच नाई?"

"त्याची चूक नाई, आई. मी याले बोलाची जागाच नाई ठेवली."

सीताबाईंनी रिकामी टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी बी तं मधी डोकावनं सोडलंच होतं."

वैजयंतीने तार बदलली आणि मला नव्याने लिहिलं. उत्तर आलं नाही तर कोसळायचं नाही, तशी नोंद करून पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. तीनदा उत्तर आलं नाही तर घंटा वाजवायची. पडद्यावर आकड्याखाली वेळही दिसू लागली, म्हणजे आकडा ताजा आहे की शिळा ते कुणालाही कळावं. पाला टाकण्याव्यतिरिक्तही सीताबाई दिवसातून दोनदा आत येऊ लागल्या. त्या पडद्याकडे पाहायच्या, पण आधी डोळे मिटून कान द्यायच्या. ते दिवस माझे सर्वांत सुखाचे होते.

मग वैजयंतीला पुण्यात नोकरी लागली. सीताबाईंचे गुडघे धरले. एकटीने पाला तोडणं होईना, तेव्हा त्यांनी तुती काढून तिथे मेथी आणि वांगी लावली. शेड रिकामी झाली. मला मात्र कुणी काही सांगितलं नाही. मी आजही उठतो, तापमान मोजतो, आणि उकाडा वाढला की अळ्यांच्या रिकाम्या मांडण्यांवर कूलरचा वारा सोडतो.

परवा सीताबाई मेथीच्या जुड्या बांधायला आत येऊन बसल्या. वैजयंतीचा फोन आला.

"आई, ते शेडातलं चालूच हाय का अजून? आता कायले पाह्यजे? खांबावरचं लाल बटन दाब. हातातलं काम पुरं करून तो आपोआप बंद होते."

"दाबतो उद्या," सीताबाई म्हणाल्या. जुड्या संपल्यावरही त्या बराच वेळ कूलरसमोर बसून राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, गावात कुणीतरी न बोलता, न दिसता काम करत असेल. त्याचं काम दिसतंय म्हणून तो ठीकच आहे, असं धरून चालू नका. अधूनमधून आत जाऊन त्याला विचारा. त्याला बोलायला जागा ठेवा. आणि त्याची गरज संपली असेल, तर तेही त्याला सांगा. नुसतं विसरून जाऊ नका.