नळ बंद

आमच्या शेफालीला नर्सिंगची शीट लागली, आन ती बी पार सांगलीला. मेसेज आला होता सकाळी, पण आमच्या वाडीत सकाळचा मेसेज दुपारी दिसतो. "आई, आज पाचच्या आत कॉलेजच्या साइटवर होकार द्यायचाय," शेफाली म्हणाली. "न्हाई दिला तर शीट दुसऱ्या पोरीला जाणार." म्हणता म्हणता रडकुंडीला आली. मालक टेम्पो घिऊन भोरला गेलेले. चांगली रेंज मिळती त्या विंझरकडं जायची एस्टी निघून गेलेली, आन चालत जायचं तर वाटंतच पाच वाजले असते.

मग आमी मारुतीच्या पारावर गेलो. वाडीत रेंज म्हणून जी काय हाय ती तिथंच. माझे सासरे, गेनबा मामा, आदीच तिथं पाय सोडून बसलेले.

साइट कसली, नुसती नटवी! आदी हसणाऱ्या नर्सांचे फोटो, मग कॉलेजचा बगीचा, मग बगीच्यातलं कारंजं. एकेक फोटो वरनं खाली उतरायचा आन निम्म्यात अडकायचा. अरं, आमाला काय कारंज्याखाली आंघोळी करायच्यात व्हय?

"थांब, सेटिंगमधी जाऊन फोटोच बंद करते," शेफाली म्हणाली. "नुसती अक्षरं आली तरी बास." मागं उघडी ठेवलेली पानं बी तिनं मिटली. किती पानं उघडून ठेवलेली बयेनं! मेंदीच्या नक्ष्या, केक, कुणाचं तरी लगीन. म्या म्हणलं, "हे सगळं मागं चालू ठिवतीस, मग म्होरचं कसं सरकंल?" आन खरंच, पान किती उघडलं ते दावणारी वरची निळी रेघ सरकली. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात वाडीला कळलं, शेफालीची शीट अडकलीया. झालं! दुकान उघडं टाकून बंडू आला. शेजारच्या जाईबाई पिठाच्या हातानं आल्या. कोंडिबा भावजी आले, त्यांच्यामागं अर्धी आळी आली. अन् सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर तीच साइट उघडायला घेतली.

"माझं कार्ड लई जोराचं हाय," बंडू म्हणाला.

"कुणाचं तरी उघडंल की," कोंडिबा भावजी म्हणाले. "एवढी माणसं हाईत."

माणसं वाढली तशी आमची रेघ जागच्या जागी थांबली. गेनबा मामांचा बटणाचा मोबाईल, त्यात साइट येतच न्हाई, पण ते बी हिरवं बटण दाबत बसले. शेफालीचा चेहरा पांढरा पडला. "मगाशी चाललेलं की गं आई! आता काय झालं?"

म्या त्या मोबाईल धरलेल्या हातांकडं बघितलं आन माझं डोस्कंच सणकलं. आमचं घर नळाच्या लायनीत शेवटचं. वरच्या आळीनं एकदम नळ सोडले की आमच्या नळाला नुसती फुसफुस हवा. रोज सकाळी मी हंडा घिऊन वरच्या आळीच्या नावानं शंख करते, आन इथं तेच चाललेलं.

"ए, बंद करा तुमचे नळ!" मी वरडले.

सगळे दचकले. बंडूनं खरंच मारुतीच्या मागच्या नळाकडं बघितलं. "वहिनी, नळ तर बंदच हाय."

"हातातला! रेंज एवढीशी, आन पिणारे तुमी सगळे. पोरीच्या वाट्याला काय ऱ्हाणार?"

"आमी मदतच करतोय की," बंडूचं तोंड उतरलं.

"करू नकोस, हीच मदत! विमानाचं चित्र दाबा सगळ्यांनी."

"माझ्यात विमान न्हाई," गेनबा मामा म्हणाले.

"तुमी नुसता बंद करा, मामा."

एकेकानं विमान दाबलं. जाईबाईंना सापडंना, तर मोबाईल उताणा करून त्यावर हात ठिवून बसल्या. आन रेघ सरकली! पान उघडलं. ना नर्स, ना कारंजं, पांढऱ्यावर काळी अक्षरं नुसती. शेफालीनं बोट टेकवलं. जरा वेळानं अक्षरं आली, होकार मिळाला म्हणून.

मग काय विचारता! बंडूनं दुकानातनं पेढे आणले. जाईबाईंनी पिठाच्या हातांनीच पोरीच्या तोंडावरनं हात उतरवून बोटं मोडली. मी बी हसत होते. हसता हसताच ध्यानात आलं, अगं बाई, एवढा आरडाओरडा करून म्या माझीच पोरगी सांगलीला धाडली. लई वाईट वाटलं. पेढा पदराच्या गाठीला बांधून ठिवला.

शेफाली गेली. पहिल्या रविवारी तिच्या व्हिडिओ कॉलची येळ झाली तशी मी पारावर पळाले. सगळी तिथंच, मोबाईलवर बैलगाड्यांच्या शर्यती बघत बसलेली. आवाज तुटक, आन पोरीचं तोंड म्हणजे नुसते चौकोन. गोधडीचे तुकडे जोडावेत तसे.

"आई, चित्र बंद कर," तुकड्यातुकड्यानं ती म्हणाली. "मग नीट बोलता येईल."

"न्हाई बंद करायचं!" म्या म्हणलं. "बोलणं न्हाई ऐकू आलं तरी चालंल. मला तुला बघायचंय." माझा आवाज फाटला.

पारावर कोंडिबा भावजी खाकरले. "नळ बंद रे," म्हणाले.

बंडूच्या मोबाईलवरची बैलं शर्यतीच्या घाटातच थांबली. एकेकानं मोबाईल पालथा ठेवला. जाईबाईंनी आता विमान शिकून घेतलेलं. गेनबा मामांनी काही गरज नसताना आपला बटणाचा बंद केला आन माझ्याकडं बघून मान हलवली.

चौकोन विरले. शेफाली आली, सबंध, पांढऱ्या कपड्यातली. कपाळावरचा लहानपणचा कांजण्यांचा वण बी दिसला.

"टिकली कुठंय गं?" म्या दरडावलं, आन पदर डोळ्याला लावला.