घोट्यावरचं ‘व्हय’

मी एक जुना नादकाटा आहे. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात तुम्ही माझी भावंडे पाहिली असतील. पोलादाच्या दोन भुजा आणि खाली एक दांडा, एवढेच आमचे शरीर. भुजा कशावर तरी आपटल्या की थरथरतात आणि एक सूर निघतो. त्या एका सुराखेरीज मला काहीही बोलता येत नाही. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते यामुळेच घडले.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला किती वेळा कानाशी धरले आणि किती वेळा कानशीने घासले, याची गणती नाही. भुजांची टोके घासली की सूर चढतो, बुंध्याशी घासले की उतरतो. मी सेकंदाला बरोबर एकशे अठ्ठावीस वेळा थरथरू लागलो, तेव्हा तो थांबला आणि माझ्या दांड्यावर त्याने तो आकडा कोरला. इतका खालचा सूर गाण्याच्या फारसा कामाचा नसतो. तो डॉक्टरांच्या कामाचा असतो. थरथरत्या काट्याचा दांडा हाडावर टेकवला की माणसाला आत गुणगुण जाणवते. ती जाणवली, तर त्या हाडापासून मेंदूपर्यंतचा रस्ता शाबूत आहे असे समजायचे.

मला अंजलीताईंनी विकत घेतले. त्या इंदापूरच्या. त्यांचे वडील कचेरीत नोकरीला होते. ताई पुण्यात शिकून डॉक्टर झाल्या आणि १९९४ साली त्यांनी एक संशोधन हाती घेतले. झाडावरून, विहिरीत किंवा घराच्या माळवदावरून पडून ज्यांच्या पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू दुखावली आहे, अशी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली एकतीस माणसे त्यांच्या वहीत होती. दर दोन महिन्यांनी त्या प्रत्येकाच्या घरी जायच्या आणि तपासायच्या, की गेलेली जाणीव बोटभर तरी खाली सरकली का. त्यांच्या कापडी पिशवीत कापूस, टाचणी, वही आणि मी, एवढेच सामान असे. एस.टी.च्या खिडकीशी बसून ताई मला मुठीत धरत. ते दिवस माझ्या अभिमानाचे होते.

त्या एकतिसांतले एक कऱ्हाटीचे म्हस्कू. चाळिशीचा, उंच, बारीक माणूस. घरात पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. आता शेती होती आणि दहा-बारा शेळ्या. वैशाखात शेळ्यांसाठी बाभळीचा पाला छाटताना फांदी मोडली आणि म्हस्कू पाठीवर पडले. त्यांचे थोरले भाऊ दत्तोबा जवळच होते. धावत आले. म्हस्कू म्हणाले, “दादा, पाय लागंनात.”

मेंढरू लंगडले, की धनगर त्याला मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवे टाकतो, पुढचे पाय एका हातात आणि मागचे दुसऱ्या हातात धरतो आणि चालू लागतो. दत्तोबांनी आयुष्यभर शेकडो मेंढरे अशी आणली होती. भावालाही त्यांनी तसेच उचलले आणि रस्त्यावरच्या जीपपर्यंत अर्धा कोस आणले.

पुण्याच्या दवाखान्यात कोणीतरी विचारले, “आणलं कसं यांना?” दत्तोबांनी खांद्याला हात लावून दाखवले. असं आणायला नको होतं, अशी विचारणाऱ्याने मान हलवली. त्या दिवसापासून दत्तोबा भावासमोर गेले नाहीत. म्हस्कू घरी आले, तरी ते ओसरीच्या पलीकडे, शेळ्यांपाशी बसत.

दवाखान्यात ताईंनी म्हस्कूंना पहिल्यांदा तपासले, तेव्हा मी तिथेच होतो. शेवटच्या बरगडीवर गुणगुण कळत होती. कमरेच्या हाडावर नाही, गुडघ्यावर नाही, घोट्यावर नाही. वहीत तसेच लिहिले गेले. वॉर्डात त्या वेळी पंखे खडखडत होते, ढकलगाड्या जात होत्या, कोणी कण्हत होते. हा गोंगाटही लक्षात ठेवा.

सप्टेंबरात आम्ही कऱ्हाटीला गेलो. दुपार होती आणि घर अगदी शांत. म्हस्कूंची बायको सारजा उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती.

“बाई, ह्यांच्या नसा कवा फुटायच्या?” तिने बसल्या बसल्या विचारले. “बाभळ छाटली तर पावसाळ्यात फुटती की.”

“हातापायातल्या नसा बाभळीसारख्याच असतात,” ताई म्हणाल्या. “तुटल्या तर दिवसाला मिलिमीटरभर का होईना, वाढतात. पण कण्यातली दोरी शिंदीसारखी आहे. शेंडा गेला की पुन्हा फुटत नाही.”

“मंग तुमी कशापायी येताय?” म्हस्कू हसून म्हणाले.

“ती बाभळीसारखी का फुटत नाही, तेच जगभर शोधताहेत. प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग चालतात. औषधं देऊन बघतात.”

“उंदरं चालाया लागली का?” सारजाने विचारले.

“एखादा थोडा पाय हलवतो.”

“उंदरांचं बरं हाय मंग,” सारजा म्हणाली. “बाई, ह्यांच्या पायाचं ऱ्हाऊ द्या, आदी कान बघा. मेंढराची घंटी दोन शेतांवरनं वळखत्यात, आन् माझी हाक चुलीपासनं ऐकू येत न्हाय.”

सगळे हसले. ताईही हसल्या. तिथेच थांबून आम्ही कोणी विचार केला असता तर!

ताईंनी म्हस्कूंना डोळे मिटायला सांगितले. मला तळहाताच्या टाचेवर आपटले आणि त्यांच्या उजव्या घोट्यावर टेकवले.

“कळतंय का?”

म्हस्कूंचा चेहरा बदलला. “व्हय,” ते हळूच म्हणाले. “व्हय की! गुनगुनतंय.”

मित्रांनो, मला माहीत होते. घोट्याचे हाड माझ्याबरोबर थरथरत होते. कातडीखालच्या नसा जाग्या झाल्या होत्या आणि निरोप पोटरीतून, मांडीतून वर निघाला होता. पण कमरेच्या वर एका जागी येऊन तो थांबला. त्यापुढे काही गेले नाही. म्हस्कूंना जे कळले, ते पायातून कळले नव्हते. डोळे मिटून पडलेल्या त्या मेंढक्याने त्या शांत घरात माझा सूर कानांनी ऐकला होता. खोटे बोलण्याचा त्यांचा विचार नव्हता. आपल्याला ते पायात जाणवले असेच त्यांना वाटले.

मला ओरडायचे होते. पण ओरडलो असतो तरी तोच सूर निघाला असता, ज्याने फसवले होते. मी तसाच गुणगुणत राहिलो आणि मग विझलो.

सारजा शेंगा टाकून उठली आणि अंगणात जाऊन ओरडली, “दाजी! आवं दाजी, हितं या! त्यांच्या पायात जान आली!”

दत्तोबा आले. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते भावाच्या खाटेजवळ उभे राहिले. पटक्याच्या सोग्याने तोंड पुसत राहिले. ताईंनी वहीत लिहिले, ‘उजवा घोटा: होय.’ लिहून झाल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा वाचला. एकतीस माणसांत इतकी मोठी सुधारणा कोणातच नव्हती.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी दत्तोबा आधीच दारात उभे होते. अंगावर धुतलेला सदरा होता. ताईंनी मला घोट्यावर ठेवले, मग गुडघ्यावर. दोन्ही वेळा म्हस्कू “व्हय” म्हणाले. पण या वेळी त्यांनी क्षणभर डोळे उघडले होते. त्यांनी पायाकडे बघितले नाही. दाराकडे बघितले.

“बाई,” दत्तोबांनी विचारले, “पायाला जान हाय म्हंजी खांद्यावर आनल्यानं काय बिघडलं न्हाय ना?”

“आबा, ते मला सांगता येणार नाही,” ताई म्हणाल्या. “पण जाणीव परत येतेय, हे चांगलंच आहे.”

दत्तोबांना यातला फक्त शेवटचा भाग ऐकू आला. त्या दिवशी ते भावाजवळ बसून जेवले.

त्यानंतर महिन्याने माळावर कडक थंडी पडली. म्हस्कूंचे पाय गार पडत. तपासणी सुरू झाल्यापासून ताईंनी बजावून ठेवले होते, की पायांना काहीही गरम लावायचे नाही, कारण चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. पण आता तर कळत होते ना? दत्तोबांनी एका संध्याकाळी चुलीतली वीट काढली, गोणपाटात गुंडाळली आणि भावाच्या टाचांशी ठेवली.

“लई ऊन झाली तर सांग बरं का,” ते म्हणाले.

“सांगतो की,” म्हस्कू म्हणाले.

सकाळी सारजाने घोंगडे उचलले, तेव्हा टाचेला करपल्याचा वास येत होता.

हे मी पाहिलेले नाही. मी तेव्हा पुण्यात खणात होतो. संक्रांतीनंतर आम्ही कऱ्हाटीला गेलो, तेव्हा सारजाने सांगितले. उजव्या टाचेवर जखम होती, आत हाडापर्यंत गेलेली. म्हस्कू बारामतीच्या दवाखान्यात अठरा दिवस राहून आले होते. दत्तोबा पुन्हा ओसरीपलीकडे, शेळ्यांपाशी बसलेले होते.

ताईंनी टाचेवरची पट्टी सोडून जखम तपासली. मग त्यांनी मला पिशवीतून काढले. म्हस्कूंना डोळे मिटायला सांगितले, मला जोरात आपटले आणि लगेच मुठीत घट्ट आवळले. माझा आवाज गेला, थरथर गेली. अशा मुक्या, मेलेल्या मला त्यांनी घोट्यावर टेकवले.

“कळतंय का?”

“व्हय,” म्हस्कू म्हणाले.

ताईंनी मला पुन्हा आपटले. या वेळी मला थरथरू दिले, पण घोट्यावर ठेवलेच नाही, हवेत धरले.

“आता?”

“व्हय.”

ताई खाली बसल्या.

“म्हस्कूभाऊ, डोळे उघडा,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा काटा मुका होता. दुसऱ्यांदा मी तो पायाला लावलाच नव्हता.”

म्हस्कू आढ्याकडे बघत म्हणाले, “पयल्या वक्ताला खरंच वाटलं बाई. आईच्यान. दुसऱ्या वक्ताला समजलं हुतं, ह्यो कानाचा खेळ हाय. पर दादा दारात हुता. धुतलेला सदरा घालून आला हुता. न्हाय कसं म्हनायचं?”

सारजाने पदर तोंडाशी धरला. “मला तरी सांगायचं,” ती म्हणाली. “मी काय परकी हाय?”

ताई उठून अंगणात गेल्या. मी त्यांच्या मुठीतच होतो. दत्तोबांनी मान वर केली नाही.

“आबा, चूक माझी आहे,” ताई म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी मी मुका काटा लावून बघायला हवा होता. तसं करायचं असतं, हे मला शिकवलेलं आहे. मी केलं नाही. मलाही ते ‘व्हय’ हवं होतं.”

“वीट म्या ठिवली,” दत्तोबा म्हणाले. “खांद्यावर म्याच घितलं. आता तुमी सांगा, माझ्या हातानं कशाला हात लावू?”

झाडावरून पडताच दोरी तुटली की उचलताना, हे ताईंना ठाऊक नव्हते, कोणालाच कधी कळणार नव्हते. खोटा धीर त्या आता देऊ शकत नव्हत्या. वही उघडून त्यांनी सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या पानांवरचे तीन ‘होय’ एका रेघेने खोडले, मूळ अक्षर वाचता येईल असे. बाजूला ‘नाही’ लिहून सही केली. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, “त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लागतं. सारजाताई एकट्या दमतात.”

दत्तोबा उठले, हात धुतले आणि आत गेले.

ते संशोधन १९९७ मध्ये संपले. एकतिसांपैकी सात जणांची जाणीव थोडी खाली सरकली. त्यांत म्हस्कू नव्हते. उंदरांवरचे प्रयोग अजून चालू आहेत असे ताई शेवटच्या भेटीत म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी आवाजात जास्तीची आशा मिसळली नाही. निघताना दत्तोबांनी मला मागून घेतले. आता मी कऱ्हाटीच्या त्या घरात, मेंढरांच्या जुन्या घंट्यांशेजारी खुंटीला टांगलेला असतो. दांड्यावरचा आकडा गंजाने पुसत चालला आहे. त्याची मला खंत नाही.

मित्रांनो, मला तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. कोणी उंचावरून पडले आणि पाय लागत नाहीत म्हणाले, तर त्याला खांद्यावर घेऊ नका, बसवू नका. दाराची फळी आणा, चौघे मिळून त्याला न वाकवता तिच्यावर सरकवा. आणि तुम्हाला कोणी विचारले, “कळतंय का?”, आणि कळत नसेल, तर विचारणारा कितीही आशेने बघत असला, तरी नाही म्हणा. त्या ‘नाही’ने कोणाची तरी टाच वाचते.

रोज सकाळी दत्तोबा मला खुंटीवरून काढतात. चष्मा लावून आधी दोन्ही टाचा, कंबर, माकडहाड बघतात, कुठे लाल झाले आहे का ते. मग मला खाटेच्या लाकडावर आपटतात, मुठीत आवळून मुका करतात, आणि कधी मुका, कधी बोलता, असा भावाच्या घोट्यावर टेकवतात. कोणत्या वेळी कसा, हे सांगत नाहीत. त्यांना हे कोणी शिकवले नाही, त्यांनी ते त्या दिवशी अंगणात बसून ताईंच्या तोंडून ऐकले होते.

“कळतंय?”

“न्हाय, दादा.”

“बरं,” दत्तोबा म्हणतात. मला खुंटीला लावतात, एक हात भावाच्या खांद्याखाली घालतात, दुसरा कमरेखाली, आणि त्याला सरळच्या सरळ, जराही न वाकवता, दुसऱ्या कुशीवर वळवतात.