‘कोमट ठेवा’ लिहिलेली नळी

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. रुग्णालयाचा तळमजला, रक्ततपासणीची खोली. टेबलावर एक नळी, तिच्यावर लाल अक्षरांत चिठ्ठी : ‘कोमट ठेवा.’ त्या नळीतून मी बोलतोय.

मी एक प्रतिपिंड. रोगजंतूंना धरण्यासाठी शरीर आम्हाला घडवतं. माझी घडण फसली. गारवा लागला की मी घरच्याच तांबड्या पेशी धरतो, त्यांच्या गुठळ्या करतो. ऊब मिळाली की सोडतो.

जिच्या रक्तात मी जन्मलो, ती बाई एकोणीस वर्षं शीतगृहात खोकी भरत होती. बोटं निळी पडायची, लघवी काळ्या चहासारखी व्हायची. सोबत नणंद आली होती.

“वहिनी, हात बघा. शाई सांडल्यासारखे झालेत.”

“सही करायला बरे. दुखणं कागदावर आलं की साहेब मला बाहेरच्या टेबलावर बसवणार आहेत. नाही आलं, तर आहेच पुन्हा आत.”

मला ओळखणं अवघड नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या संशोधक बाईंनी सशाच्या रक्तातून एक द्रव तयार केला होता. आमच्या अंगावरची एक खूण तो नेमकी हेरतो. आधीचे तीन रुग्ण : एक शिंपी, एक शिक्षिका, एक ट्रकचालक. एकमेकांचे कुणी लागत नाहीत, पण तिघांच्याही प्रतिपिंडांवर तीच खूण. माझ्यावरही तीच.

“यावर कोमट ठेवा लिहिलंय,” सिस्टर म्हणाल्या.

“अहो सिस्टर, बाहेर ठेवून नासवायचंय का? सगळ्या नळ्या आत जातात, हीपण जाऊ दे,” तंत्रज्ञ म्हणाला.

फ्रिजचं दार लागलं. गारव्यानं आम्ही सगळे पेशींना चिकटलो. दुपारी त्यांनी वरचं पिवळसर पाणी तेवढं तपासलं. त्यात आमच्यापैकी कुणी उरलंच नव्हतं. नळी अर्धा तास कोमट पाण्यात धरली असती, तर मी सुटून समोर आलो असतो. अहवाल लिहिला गेला : ‘आढळले नाही.’ त्यामुळे वरच्या मजल्यावर काही गेलंच नाही.

बाई पुन्हा आत. बाविसाव्या दिवशी खोक्यांच्या रांगेत कोसळली, तिला इथे आणलं. या वेळी संशोधक बाई स्वतः खाली आल्या, रक्ताची नळी मुठीत धरून वर गेल्या. माझ्या भावंडांवरची खूण त्याच दुपारी सापडली. तोवर बाई गेली होती.

नवा अहवाल नणंदेच्या हातात दिला. “आता हा कुणाच्या साहेबाला दाखवू?” ती म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांना अचानक कामं आठवली.

मी अजून त्याच फ्रिजमध्ये आहे, पुरावा म्हणून. चौकशी झाली. फ्रिजचं तापमान नियमानुसार होतं, असं समितीनं लिहिलं. नोंदवहीत नळीचा क्रमांक आहे, वेळ आहे, नऊ पंचवीस. ‘कोणी ठेवली’ हा रकाना कोरा आहे.