काचेची पट्टी

सीतारामरावांचं बोट आवाजाची कळ शोधत काचेच्या पट्टीवरून सरकलं आणि शिकवणीचा वर्गच बंद पडला. पापनाशम, तिरुवैयारु अशा आसपासच्या गावांतली अकरा मुलं लॅपटॉपवरून एका क्षणात गायब.

"अय्यो, पुन्हा!" मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज तिसऱ्यांदा."

श्रीकर कापीचा डवरा, कॉफीची ती खोलगट वाटी, हातात धरून उभाच राहिला. बेंगळुरूहून तो सकाळीच तंजावुरात आला होता. मधुमेहाने सीतारामरावांची, त्याच्या मामांची, दृष्टी गेली त्याला पाच वर्षं झाली. कॉलेजातली नोकरी सुटली, पण पडद्यावरचं सगळं लॅपटॉप वाचून दाखवतो, त्या जोरावर गणिताची शिकवणी चालू होती. जुना लॅपटॉप बिघडला तेव्हा मामांनी हा घेतला. का, तर भाच्याच्या कंपनीचा!

"जुन्याला वरच्या ओळीत खरी बटणं होती रे," मामा म्हणाले. "चार झाली की फट. चाचपायचं, मोजायचं, मग दाबायचं. ह्यात चाचपलं की दाबलंच जातं."

पट्टीच्या कडेला मामीने खुणेसाठी कपाळाचे लाल पोट्टू चिकटवले होते. त्यांचा काय उपयोग? खुणेपासून बोट हललं की काचेवरच पडणार.

श्रीकरने डवरा खाली ठेवला. बटणांची ती ओळ काढून काच बसवण्याचा हट्ट त्याचाच होता. दोन मिलिमीटर जाडी कमी होणार होती, जाहिरातीत काळीभोर काच झळकणार होती. साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली होती. लॅपटॉप वापरून तपासणाऱ्या एका अंध परीक्षकाने हरकत लिहून पाठवली, तिच्याखाली श्रीकरने शेरा मारला, ‘अशी माणसं थोडी,’ आणि विषय मिटवला. तेव्हा मामांची दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली होती. पण शेरा मारताना मामा त्याला आठवलेसुद्धा नव्हते. आता त्यांच्यासमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, वेगळा कीबोर्ड पाठवतो. जोडला की झालं."

"तू मला पाठवशील रे. बाकीच्यांना कोण पाठवणार?" मामांनी बाजूची खुर्ची थोपटली. "बस इथं. तुमच्या कंपनीला पत्र लिहायचं आहे. मी लिहायला गेलो की मध्येच काहीतरी उडतं. सात मुलं सोडून गेली, राहिलेली पण जातील. शिकवणं गेलं तर दिवसभर मी करू काय, भिंतीला टेकून बसू?"

श्रीकर बसला. मामा इंग्रजीत सांगू लागले. बटणं, फट, बंद पडणारा वर्ग, सगळं पायरीपायरीने, फळ्यावर गणित मांडावं तसं. श्रीकर खाली मान घालून लिहीत राहिला. आपलेच दात, आपलेच ओठ.

"आता शेवटचं लिही," मामा म्हणाले, आणि वर्गातल्या सवयीने वाक्य पुन्हा, घरच्या मराठीत, फोडून सांगितलं. "ज्यांनी ही पट्टी केली, त्यांच्या घरी कोणी आंधळं नसावं. म्हणून त्यांना सुचलं नाही. त्यांचा दोष नाही."

कळांचा आवाज थांबला.

"लिहिलंस?"

"मामा... ती पट्टी मीच करायला लावली. एकाने बजावलं होतं. मी ऐकलं नाही."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"केव्हा?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे मी असा झाल्यानंतर."

"हो."

मामांनी मान हलवली. वर्गात कोणाचं उत्तर चुकलं की ते अशीच हलवायचे.

"सरी, बरं," ते म्हणाले. "बाकी पत्र तसंच असू दे. ते शेवटचं तेवढं खोड."

"कोणतं?"

"दोष नाही म्हणालो ते."