विसाव्या पानावरचं फूल

पुस्तकावर साधी रेघ ओढली तरी सभासदत्व रद्द, हा नियम गायधनी साहेबांनी कार्यवाह झाल्या झाल्या केला. सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्याआधी गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनालयात निम्मे सभासद विसाव्या पानावर आपापली खूण करायचे. कुणी टिंब, कुणी फुली. पुस्तक आधी वाचलंय की नाही, हे कपाटापाशीच कळायचं. भिंतीवर नियमांची पाटी लागली आणि शहाण्यांनी खुणा बंद केल्या. भागुबाईंना कुणी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं मी, कारण पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर मीच बसायचे आणि खूण करायला शिकवलं होतं मीच.

भागुबाई मखमलाबादहून फुलं विकायला यायच्या. साक्षरता वर्गात पन्नाशीला अक्षरं शिकलेल्या. एकदा वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी गेलं म्हणून माझ्यावर उखडल्या, तेव्हा मी हसत म्हटलं होतं, "एक फूल काढत जा ना विसाव्या पानावर."

साहेबांना अशी अकरा फुलं सापडली. "कार्डं ताडून बघा आणि नाव शोधून काढा," मला हुकूम झाला. ताडायचं काय, नाव मला ठाऊकच होतं. पण माझी नोकरी हंगामी, कायम करायचं की नाही ते त्याच महिन्यात ठरणार होतं. मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. लाज वाटली, तरी दिलं.

शनिवारी भागुबाई हातातल्या पुस्तकाची मुदत वाढवायला आल्या. साहेब माझ्या शेजारी ठाण मांडून बसलेले.

"ही फुलं तुमची?"

"माझीच की. बरी जमलीत ना, सायेब?"

साहेबांनी पाटीकडे बोट केलं. भागुबाईंनी अक्षर अक्षर लावत ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

भागुबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"कोन शिकवनार? माझंच डोकं."

बोल ना, बोल, असं मी स्वतःला बजावत होते. साहेबांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि 'रद्द'चा शिक्का मीच मारला.

"निम्मं ऱ्हायलंय, सायेब. हितंच बसून वाचते की."

"कार्डाशिवाय पुस्तक मिळत नाही." साहेब उठून आत गेले.

भागुबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. वाटलं, आता मला शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यातल्या त्या पोरीला शेवटी नांदायला नेत्यात का नाय, तेवढं तरी सांगा."

ते पुस्तक मी पन्नासदा दिलं-घेतलं होतं. वाचलं एकदाही नव्हतं.