वारा पडला आणि काकूंची अंडी

मित्रांनो, गावामागच्या टेकडीवर एका पायावर उभी असलेली जुनी पवनचक्की ती मीच. वय झाले आहे, फिरताना सांधे कुरकुरतात. पण वारा सुटला की अजूनही अंगात येते!

माझा जन्म कारखान्यात झाला. माझी तीन पाती इतकी लांब होती की त्यांना आणणारी गाडी गावाच्या वळणावर अडकली. शेवटी एका घराचे कुंपण पाडून वाट करावी लागली. "पाहुणी आली ती कुंपण मोडूनच!" घरमालक म्हणाला.

मी आले आणि गावाला वीज देणारे जुने डिझेल इंजिन गोणपाटाखाली गेले. धूर नाही, इंधन नाही, फुकटचा वारा! सगळे माझे कौतुक करत. मीही हवेतच होते.

दोष मात्र तेव्हाही दिसत होते. टेकडीखालचे आजोबा म्हणत, "ही बया दिवसभर सुस्कारे टाकते, माझा डोळा लागू देत नाही." ऊन कलले की माझी सावली त्यांच्या भिंतीवर गरगरायची. वारा नसला की मी बसून, आणि वादळ आले तर मोडू नये म्हणून वायरमन मला थांबवून ठेवी. जावयालाही लाजवतील असे माझे नखरे! एकदा एक घार माझ्या पात्याला धडकून मेली. ते आठवले की अजून वाईट वाटते.

गावात कोंबड्या पाळणाऱ्या एक काकू होत्या. साथीत त्यांच्या सगळ्या कोंबड्या दगावल्या. मग त्यांनी बहिणीकडून अंडी आणून विजेवरच्या उबवणी पेटीत ठेवली. पिल्ले बाहेर यायला दोनच दिवस उरले, आणि वारा पडला. झाडाचे पान हलेना. त्यात दाट धुके, त्यामुळे शाळेच्या छपरावरचे सोलर पॅनेलही ढिम्म. पेटी गार पडू लागली.

काकू धापा टाकत टेकडीवर आल्या.

"अगं बाई, हलव की जरा हात!" त्या माझ्यावरच ओरडल्या.

"काकू, तिच्या हातात काही नाही," वायरमन म्हणाला. "धरणात पाणी साठवता येतं, पिंपात डिझेल भरता येतं. वारा कशात भरून ठेवणार?"

"मग ते जुनं इंजिन?"

"किती वर्षं बंद आहे! सुरू होईल असं वाटत नाही मला."

"वाटण्याचं नंतर बघू. हँडल आणा!"

इकडे काकूंच्या घरी आजोबांनी स्वतःच्या अंगावरची दुलई काढून पेटीभोवती गुंडाळली. तिकडे काकू आणि वायरमन दोघे मिळून हँडल फिरवू लागले. इंजिन खोकले, शिंकले, गप्प झाले. पुन्हा खोकले. मग काळ्या धुराचा लोट सोडून धडधडायला लागले.

"हिच्यापेक्षा हे बरं," धडधड ऐकून बाहेर आलेले आजोबा नाक दाबून म्हणाले. "आवाज करतं, पण कामही करतं!"

टोमणा झोंबला, मित्रांनो. पण काकूंच्या खिडकीत दिवा लागलेला पाहिला आणि मला हायसे वाटले.

अंडी फुटली. काही गेली, पण बरीचशी पिल्ले चिवचिवत बाहेर आली. वारा मात्र त्यानंतर उगवला, बारसे आटोपल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा.

आता गावाने बॅटऱ्यांची खोली बांधली आहे आणि इंजिनालाही वेळच्या वेळी तेल मिळते. माझ्या एकटीवर कुणी विसंबत नाही, आणि खरे सांगते, त्यामुळे माझाच जीव हलका झाला आहे. तुम्हीही वाऱ्याची वीज जरूर वापरा. मात्र जोडीला ऊन, पाणी, साठवण, सगळे असू द्या. आणि आम्ही थकलो की आम्हाला माळावर फेकू नका. आमचे लोखंड वितळवता येते, पण काचेच्या तंतूंची ही पाती लवकर कुजत नाहीत की वितळत नाहीत. त्यांना काहीतरी काम द्या.

काकूंनी तर खुराड्याच्या छपरासाठी माझे एक पाते आतापासूनच मागून ठेवले आहे. परवा येऊन मापही घेऊन गेल्या. मी अजून चांगली फिरती आहे, हे त्यांना कोण सांगणार?